घरची एक मुलगी

तमिळ मुलखातल्या आमच्या गावी, जुन्या मराठा राजवाड्यामागच्या गल्लीत माझी छोटी लायब्ररी आहे. नववीतली एक मुलगी दर शनिवारी येते आणि एकाच तऱ्हेच्या इंग्रजी कादंबऱ्या नेते: जुलमी राजवट आणि तिला सामोरी जाणारी एक पोर. बोलताना ती वेणीचं टोक चावते, मराठीत सुरू केलेलं वाक्य तमिळमध्ये संपवते.

"सगळ्या सारख्याच, मामी. घरचं कुणीतरी धोक्यात येतं, मग ही पुढे होते."

गेल्या महिन्यात तिने माझा फोन मागितला. तिच्या सोळा वर्षांच्या अक्काचं लग्न जवळच्या पापनाशम गावी ठरलं होतं. मुलांच्या हेल्पलाइनला तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या नावासकट. मग फोन मला परत दिला.

"नाव कशाला सांगितलंस गं?"

"विचारलं त्यांनी."

लग्न थांबल्याचं गल्लीत कळलं, कुणी कळवलं तेही. दोन शनिवार ती आली नाही. पुस्तकं मीच दिली होती.

तिसऱ्या शनिवारी आली. "घरात कुणी बोलत नाही माझ्याशी."

"अक्का?"

"तीही नाही." मग म्हणाली, "पण अक्का शाळेला जाते."

पुस्तक न घेता ती नुसती बसून राहिली. मी लायब्ररी उशिरा बंद केली.