निजलेल्या आत्या

चाळिशीला टेकल्यावर मी चित्रकलेत मास्टर्स करायला घेतलं आणि पहिल्या पावसाळ्यातच कळून चुकलं, की याला नुसती हौस पुरत नाही, पाय लागतात. सकाळी लोणावळ्याच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवायची. दुपारी बराच वेळ लोकल नसते, तेव्हा स्टेशनवर बाकड्यावर डबा खायचा. मग पुण्याच्या कॉलेजात जाऊन, माझ्या निम्म्या वयाच्या पोरापोरींच्या शेजारी उभं राहून रंगवायचं. परत येताना मळवलीला उतरून भाजे गावातल्या घरापर्यंत चालत. नवरा तळेगावच्या कारखान्यात शिफ्टला. आमची गाठ पडायची ती दारात, एकानं चपला घालायच्या आणि दुसऱ्यानं काढायच्या.

घराच्या मागं आम्ही पाहुण्यांसाठी एक खोली बांधली आहे. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणारी शहरातली माणसं तिथं उतरतात. बाकीचे दिवस तीच माझी रंगवायची जागा. शुक्रवार आला की सगळे कॅनव्हास उचलून पडवीत भिंतीला टेकवायचे, फरशीवरचे रंगाचे डाग घासायचे, टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून धूप जाळायचा आणि पलंगावर धुतलेली चादर घालायची. रविवारी संध्याकाळी पाहुणे गेले की पुन्हा सगळं उलटं. या ने-आणीत एका कॅनव्हासचा कोपरा फाटला तेव्हा मी पडवीतच खाली बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही.

मी रंगवत होते सासूबाईंना. त्यांना मी आत्या म्हणते. शेत त्याच बघतात. रानातून आल्या की पडवीत गोणपाट टाकायचं आणि चहा निवायच्या आत झोपायचं, हे त्यांचं रोजचं. समोर बसून पोज देणारं दुसरं कोण होतं मला? एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काढ की. मी कुटं पळून चाललीया?" मग मी काढत गेले. तोंड उघडं टाकून निजलेल्या आत्या, डोळ्यांवर हात घेतलेल्या आत्या, भिंतीकडे तोंड केलेल्या आत्या. कॉलेजातल्या सरांना ती चित्रं आवडली. "हाच विषय धर," म्हणाले. दोन वर्षं तोच धरला. आत्यांनी ती चित्रं पुरी झालेली कधी बघितली नव्हती. बघायला त्यांना सवड नव्हती आणि दाखवायचं मला सुचलं नव्हतं.

परीक्षेचं शेवटचं प्रदर्शन उन्हाळ्यात होतं. त्याच्या थोडं आधी, भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायच्या दिवसांत, एक जोडपं मुक्कामाला आलं. सकाळी बाई चहा घेऊन पडवीत आली आणि चित्रांसमोर थांबली. आत्या चार हातांवर सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या, पाठमोऱ्या. ती बाई आवाज मऊ करून मला म्हणाली,

"किती सुंदर काढलंयत. आजी कधी गेल्या हो?"

सूप थांबलं. आत्या वळल्या आणि म्हणाल्या, "अजून न्हाई गेले. तांदूळ निवडून झाले की बघते."

बाई इतकी ओशाळली, की दुपारचं जेवण न घेताच दोघं निघाली. मला हसू आलं होतं. पण आत्या हसत नव्हत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पहिल्यांदाच एकेका चित्रासमोर उभ्या राहिल्या. लुगड्याच्या पदरानं एका चित्रावरची धूळ पुसली.

"मी अशी निजते?"

"दमलेल्या असता तुम्ही, आत्या."

"दमते तर. पन दमल्यालं माणूस असं न्हाई दिसत. हे सरणावर ठिवायचं राह्यल्यावानी दिसतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे पुन्याला लोकांम्होरं न्हाई मांडायचं."

"दोन वर्षांचं काम आहे हो माझं."

"काम तुजं हाय. त्वांड माजं हाय."

मी वाद घातला नाही. समजूतदारपणा म्हणून नव्हे. वाद घालायला अंगात त्राणच उरलं नव्हतं. सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कलाकारानं घरच्यांचं ऐकायचं ठरवलं तर कुणी काही काढणारच नाही. चित्र तुझं आहे, टांग." त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण ज्यांच्या हातची भाकरी खाऊन मी गाडी पकडत होते, त्या नको म्हणत असताना त्यांना पुण्यात भिंतीवर टांगणं मला जमेना. परतीच्या वाटेवर घोरावाडीला गाडी थांबली तेव्हा क्षणभर वाटलं, इथंच उतरावं, तळेगावात माहेरी जाऊन झोपावं आणि कुणालाच काही कळवू नये. गाडी सुटली. मी बसूनच होते.

घरी आले तर आत्यांनी आपणहून विषय काढला. "बसते मी तुज्यापुढं. डोळं उघडं ठिवून. पन बोलत ऱ्हायचं, न्हाईतर मला लागती झोप."

मग दुपारच्या वेळी, सुट्टी असेल तेव्हा, त्या माझ्यासमोर खुर्चीवर बसू लागल्या. राबाची राख कोपरापर्यंत तशीच. त्या बोलत राहायच्या. कुरवंड्याच्या बहिणीचं, वासराच्या पोटदुखीचं, आपल्या लग्नात जेवण कमी पडलं त्याचं. तोंड एक क्षण स्थिर नाही. मी ओठ रंगवायचे आणि पुसायचे. एका दुपारी ऊन उतरणीला लागलं होतं, आत्या काहीतरी सांगत होत्या आणि मी ब्रश हातात धरून स्टुलावर बसल्या बसल्याच झोपले. जाग आली तेव्हा मान अवघडली होती आणि ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवलेला होता. आत्या खुर्चीवर होत्या तशाच ताठ बसल्या होत्या.

"उठवायचं की मला."

"कशापायी? मी हुते की जागी."

तेलरंगाचा ब्रश पाण्यात ठेवत नाहीत; मी तो काढून पुसला आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

शेवटी तडजोड झाली. भिंतीकडे तोंड केलेलं एक चित्र न्यायला त्यांनी परवानगी दिली. "पाठ कुनाची बी असती," म्हणाल्या. एक हे खुर्चीवरचं, ज्यातले ओठ मला शेवटपर्यंत नीट जमले नाहीत. आणि त्यांच्या हातांची काही रेखाटनं. बाकीच्या पोरांच्या भिंती भरगच्च होत्या, माझ्या भिंतीवर पांढरा रंगच जास्त. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "दोन वर्षांत एवढंच?"

"बाकीची आहेत, पण दाखवायची नाहीत."

"का?"

"ज्यांची आहेत त्यांना नको आहे."

त्यांनी मान हलवली. कागदावर काय लिहिलं ते दिसलं नाही. जाता जाता खुर्चीवरच्या चित्रापाशी मात्र पुन्हा येऊन थांबले. "डोळे चांगले आलेत," एवढंच म्हणाले. नवरा पहिली शिफ्ट करून आला होता. तो खुर्चीवरच्या चित्राजवळ गेला आणि म्हणाला, "आई आता ओरडल असं वाटतंय."

घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "काय म्हनली लोकं?"

"डोळे चांगले आलेत म्हणाले."

"ते हायेतच चांगले. अजून बिगर चष्म्याची सुई ववते मी."

मी पास झाले, बेताच्याच गुणांनी. सरांनी फोन करून अभिनंदन केलं आणि "त्या चित्रांचं काहीतरी कर" असंही सांगितलं. काय करायचं ते मला ठाऊक नाही. ती कणगीमागं उभी आहेत, जुन्या चादरीत गुंडाळून. जाळायला मन होत नाही, आणि दाखवायला परत विचारायचं धाडसही होत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापक बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, पेढा दिला. मग म्हणाल्या, "आता तर तुम्ही मास्टर झालात. यंदा गॅदरिंगचा मागचा पडदा बाहेरून करून घ्यायला नको, तुम्हीच रंगवा. डोंगर, धबधबा, असं काहीतरी प्रसन्न."

मी हो म्हणाले आणि पडद्याची मापं विचारली.