चार दिवसांच्या बरण्या

बोईसरच्या मासळी बाजारात साखरबाईच्या तोंडी लागायची हिंमत सहसा कोणी करत नसे. गिऱ्हाईक पापलेट फार वेळ उलटंपालटं करून बघायला लागलं की, लग्न लावायचं आहे का त्याच्याशी, असं ती चारचौघांत विचारायची. तागडीला तिने उभ्या आयुष्यात हात लावला नाही. ती नजरेनेच वाटा लावायची, आणि तिने लावलेला वाटा बरोबर आहे म्हणजे आहेच. ज्याला शंका असेल त्याने पुढच्या बाईकडे जावं.

मुरबे गावची ही कोळीण. नवरा जानू काविळीने गेला तेव्हा पोरगा सुजीत सहा वर्षांचा होता, आणि इतका किडकिडीत की हा काही पावसाळा काढत नाही असं शेजारणी उघड बोलत. साखरबाईने त्यांच्या नाकावर टिच्चून पोराला जगवलं, आणि कशावर म्हणाल तर जवळ्यावर, त्या सुकवलेल्या बारीक कोलंबीवर. भाकरीबरोबर जवळा, भातात जवळा, शाळेच्या डब्यात जवळा. तेव्हापासून तिचं वैद्यक ठरून गेलं. बाळंतिणीला मोरी माशाचं कालवण, तापातून उठलेल्याला खाडीतल्या निवट्या माशांचं पाणी आणि अशक्ताला जवळा. डॉक्टर ही मासळीबंदीच्या दिवसांत करायची गोष्ट.

आणखी एक तोरा होता बाईचा. रांधताना ती कधी चव घेत नसे. मीठ कमी आहे की आंबट जास्त, हे ती उभ्या उभ्या वासावरून सांगायची. चमचा तोंडाला लावून बघणाऱ्या गावातल्या सुनांची ती यथेच्छ टर उडवायची.

सुजीत वाढला, बारावी झाला आणि तारापूरच्या एका कारखान्यात लागला. शिफ्ट सोयीची पडावी म्हणून सरावलीला चार जणांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. एकोणतिसाव्या वर्षी त्याला भाकरीचा घास अडकायला लागला. मग भात अडकायला लागला. तपासण्या झाल्या आणि अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. कशामुळे झाला हे कोणी सांगितलं नाही. ठरत आलेलं लग्न मुलीकडच्यांनी गोड बोलून मोडलं. साखरबाईने त्यांना शिव्याही घातल्या नाहीत, यावरून गावाने काय ते ओळखलं.

सर्जनचं म्हणणं सरळ होतं. आधी किमोच्या तीन फेऱ्या, मग ऑपरेशन. पहिल्या फेरीनंतर ते म्हणाले, गाठ लहान होते आहे, ती निघेल. पण एवढं मोठं ऑपरेशन सोसायला अंगात काहीतरी हवं. सुजीतचं वजन एकेचाळीस किलोवर आलं होतं. पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेला चव्वेचाळीस भरलं तर टेबलावर घेऊ, म्हणाले. त्या तारखेला सहा आठवडे होते. जन्मभर तागडी न धरलेल्या बाईचा मुलगा आता काट्यावर उभा राहिला होता, आणि तीन किलो हवे होते.

आणि त्याला काही म्हणजे काही चालेना. दूध पोटात ठरत नव्हतं. अंड्याच्या वासाने मळमळायचं. मासळीचं तर विचारूच नका. किमोने त्याचं नाक असं काही तिखट करून ठेवलं होतं की, बाजारातून आई घरी आली की तो भिंतीकडे तोंड करायचा. बोलायचा नाही, फक्त खिडकी उघडी ठेव म्हणायचा. साखरबाईने लिंबाने हात चोळले, चिंचेने चोळले, राखेने चोळले. चाळीस वर्षांचा वास, तो काय आठवड्यात जातो?

हॉस्पिटलात आहाराचं बघणारी चारुता नावाची मुलगी होती. अंगाने अशी की साखरबाईला पहिल्यांदा बघून सुकलेला बोंबीलच आठवला. ही माझ्या पोराचं वजन वाढवणार, असं तिच्या मनात आलं. पण चारुताने सुजीतशी तासभर बोलून शोधून काढलं की, चॉकलेटचा वास तेवढा त्याला सोसतो. लहानपणी वाढदिवसाला मिळायचं ते चॉकलेट. मग तिने कागदावर लिहून दिलं. दूध नाही, अंडं नाही, मासळी नाही, तरी ताकद भरपूर. सोयाबीन रात्री भिजत घालायचं, सकाळी वाटून फडक्यातून गाळायचं आणि ते दूध चांगलं खळखळून उकळायचं. त्यात ओट्सचं पीठ, लोण्यासारखे होईपर्यंत वाटलेले भाजके शेंगदाणे, पिकलेली केळी, खजूर आणि शेवटी कोको. सगळं गाळून काचेच्या बरण्यांत भरायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी घट्ट, थंडगार होतं. गरम अन्नाचा वास सुटतो, थंडाचा कमी. सकाळी सात वाजता त्याची मळमळ सगळ्यात कमी असते, तेव्हा एक बरणी द्यायची. आणि रोज करत बसू नका, उकळण्याच्या वासानेही त्याला त्रास होईल. दुसऱ्याच्या घरी करा आणि चार दिवसांचं एकदम करून ठेवा.

शेवटी चारुताने एक गोष्ट दोनदा सांगितली. या उपचारात ज्या खाण्यावर एकदा जोरात उलटी होते, ते खाणं माणसाला पुन्हा तोंडाजवळ नेववत नाही. तेव्हा यात मला विचारल्याशिवाय काही बदलू नका, काही घालू नका. साखरबाईने मान हलवली. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे, मनात भाव न सोडता, हलवायची तशीच हलवली.

पण तिने जे केलं ते काही कमी नव्हतं. बाजारातली जागा सासूकडून तिच्याकडे आली होती. ती तिने जाऊ शकूला देऊन टाकली. फ्रीज रिकामा करून सोड्याने चार वेळा पुसला. घरातलं सुकं-ओलं सगळं शकूकडे गेलं. मासळीला हात न लावता साखरबाई घरात बसली. तिचे ते रिकामे हात बघून शकूलाच रडू यायचं. दर चार दिवसांनी शकूच्या पडवीत सोयाबीन उकळायचं. बरण्या भरायच्या, झाकणं घट्ट लावायची, आणि पदराखाली झाकून घरी आणायच्या.

सुजीत खायचा. पहिल्या दिवशी अर्धी, चौथ्या दिवसापासून अख्खी बरणी. चमचा चाटायचा. काट्यावर एकेचाळीस आठशे झालं, मग बेचाळीस तीनशे, मग बेचाळीस सातशे. चारुताला आनंद झाला. साखरबाईला धास्ती बसली. चोवीस तारखेला नऊच दिवस उरले होते आणि तेराशे ग्रॅम कमी पडत होते. पाल्याच्या, बियांच्या जेवणावर कोणाचं अंग भरलेलं तिने पाहिलं नव्हतं. जे भरलं ते चॉकलेटच्या तरतरीने, आता पुढे खरी ताकद लागणार, असं तिने मनाशी धरलं. आणि खरी ताकद कशात असते हे तिला कागदावर लिहून देण्याची गरज नव्हती. याच पोराला तिने एकदा मरणाच्या दारातून त्यावर ओढून आणलं होतं.

शकूच्या माळ्यावर जवळ्याचा डबा होता. साखरबाईने मूठभर जवळा तव्यावर कोरडा, कुरकुरीत भाजला, मिक्सरला पिठासारखा केला, चाळून घेतला आणि एकेका बरणीत एकेक चमचा मिसळला. शकू म्हणाली, विचार तरी त्या पोरीला. साखरबाई म्हणाली, तिला काय कळतंय. मग बरणी नाकाशी धरली. कोकोच्या आड तिला काहीच लागलं नाही. चाळीस वर्षं मासळीत बसलेल्या बाईच्या नाकाला जवळा काय लागणार होता?

सकाळी सातला तिने बरणी दिली आणि दारात उभी राहिली. सुजीतने पहिला चमचा घेतला आणि थांबला. आईकडे पाहिलं. मग दुसरा घेतला. मग तिसरा. बरणी संपवायला त्याला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, पण त्याने संपवली. साखरबाईच्या जिवाला थंडावा वाटला.

तासाभराने उलट्या सुरू झाल्या, त्या दुपारपर्यंत थांबल्या नाहीत. शेवटी नुसतं पिवळं पाणी येत होतं आणि त्यात रक्ताचे धागे होते. उरलेल्या तीन बरण्या साखरबाईने परसात खड्डा करून पुरल्या. मांजरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. त्याच दिवशी नव्याने सोयाबीन भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी चार स्वच्छ बरण्या केल्या, कागदावर होतं तेवढंच घालून. तिसऱ्या दिवशी सकाळी सुजीतने झाकण उघडलं, वास घेतला आणि मोरीकडे पळाला. त्याच्यापुढचं तेवढं एक दार उघडं होतं, ते लागलं.

पुढचे दिवस पेज, शहाळं, सलाइन यात गेले. चोवीस तारखेला काट्याने एकोणचाळीस नऊशे दाखवलं. सर्जनने पंधरा दिवस दिले, पुन्हा तपासलं. गाठ पुन्हा वाढली होती आणि वजन आणखी उतरलं होतं. आता ऑपरेशनात अर्थ नाही, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या, असं त्यांनी सांगितलं. हे शेवटचं वाक्य ऐकून साखरबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

निघताना चारुता भेटली. इतकं छान चाललं होतं, बरण्या का सोडल्या, असं तिने विचारलं. कोणीतरी काही वेगळं घातलं होतं का? साखरबाई सांगायला पुढे झाली. पण सुजीतच बोलला.

"कंटाला आला मॅडम चॉकलेटचा. मीच सोडलं."

घरी आल्यावर तिने त्याला गादीवर टेकवलं, पायांवर चादर घातली आणि खाली बसली. बाजारात दहा जणींना ऐकू जाणारा तिचा आवाज जेमतेम त्याच्यापुरता निघाला.

"सुजीत, जवला मी टाकलेला बरनीत."

"म्हायती हाय."

"कदी कललं?"

"पयल्याच चमच्याला." तो दम खाण्यासाठी थांबला. "तू दारात उभी व्हतीस, आये. म्हनून खाल्लं."

त्यानंतर तो डोळे मिटून पडला. साखरबाई त्याचे पाय चेपत बसून राहिली. ते पाय तिच्या एका हातात मावत होते. तिला ओरडून रडायचं होतं, आणि रडली तर तो पुन्हा काहीतरी बोलून तिला सांभाळून घेईल याची तिला भीती वाटली.

रविवारी तिने शकूच्या पडवीत पुन्हा सोयाबीन उकळलं. शकूने कशाला म्हणून विचारलं नाही. हातांना सवय लागली होती, आणि न जाणो एखाद्या सकाळी त्याला खावंसं वाटेल, असं अजून तिच्या मनात होतं. चार बरण्या भरून तिने फ्रीजमध्ये ठेवल्या. सोमवारी सातला त्यातली एक घेऊन ती सुजीतजवळ गेली. त्याने नको म्हणून मान हलवली, तीही नीट हलली नाही.

ती बरणी घेऊन साखरबाई चुलीपाशी येऊन बसली. झाकण काढून तिने नाकाशी नेलं, पण मासळी नसलेल्या या खाण्याच्या वासावरून तिला काही कळत नव्हतं, पहिल्या बरणीपासूनच कळत नव्हतं. मग तिने चमचा घेतला आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या हातचं चाखून बघितलं.

थंड होतं, दाट होतं, गोड होतं. शेंगदाण्याचा भरीवपणा होता, खाली केळं होतं. त्यात काहीही कमी नव्हतं.