शेवटच्या ओळीतलं नाव

त्या वर्षी रामनवमीच्या कीर्तनाला उभं राहायचं की नाही, हे मला सकाळपर्यंत ठरवता येत नव्हतं. बायको तापानं जाऊन चार महिने झाले होते. मूलबाळ नाही. दिवेआगरातल्या माझ्या घरात दिवस दिवस बोलायला कुणी नसे, आणि देव ऐकतो यावरचा माझा विश्वासही उडत चालला होता.

वीस वर्षं मी स्वतःची पदं रचून गात आलो. म्हसळ्यापर्यंत लोक बोलावून नेत. प्रत्येक पदाच्या शेवटच्या ओळीत माझं नाव असे आणि त्याचा मला भारी तोरा होता. बायको मागल्या अंगणात बायकांबरोबर सुपारी सोलताना ती पदं गुणगुणायची. पण मी आलो की शेवटच्या ओळीशी गप्प. माझी पदं हिला मनातून आवडत नाहीत, असं मी धरून चाललो. तिला कधी विचारलं नाही.

अखेर उभा राहिलो. आज गळ्यानं दगा दिला तर पदांची वही खाडीत सोडायची, असं मनाशी ठरवलं होतं. भर दुपारी रामजन्म झाला, गुलाल उडाला, आणि ती गुणगुणायची तेच पद मी घेतलं. शेवटच्या ओळीशी आलो आणि आवाज फुटेना. पेटीवाला बिचारा तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. सगळा मंडप माझ्याकडे बघत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं ओळ उचलली. ओळ माझीच, फक्त माझ्या नावाच्या जागी राम होता. "राम म्हणे, तुझ्या दारी मी उभा." मी देवाच्या दारी उभा आहे, असं मी लिहिलं होतं. इथे तर तोच माझ्या दारी येऊन उभा होता. मला रडू आवरलं नाही.

कीर्तन संपल्यावर मी तिला गाठलं. "बाय, ही ओळ अशी कुणी शिकवली तुला?"

"वयनींनी. सुपारी सोलताना आमी समद्या अशीच म्हनायचो," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव त्या कशा घेतील, बुवा? तुमी आलात की लाजायच्या."

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. वही मी ठेवली, माझं नाव तेवढं सगळीकडून खोडलं. एकटेपणा अजून आहे, तो काही सरला नाही. पण रामराया, तुझे उपकार आहेत. आता दुपारी गायला बसलो की मी आधी दाराची कडी काढून ठेवतो.