शिंग आणि काकूंचं कोपर

खरवस वाफवताना वेलचीचा वास सुटला की मला खाडीकाठच्या खारीतला शेजारच्या काकूंचा गोठा आठवतो. मला सातवा महिना होता, आणि त्यांची कालवड त्याच सकाळी पहिल्यांदा व्यायली होती. वासराला चाटता यावं म्हणून तिला मोकळी सोडली होती. ओलं वासरू बघून मी हात लावायला वाकले, तशी एरवी गरीब असलेली ती फुसकारत शिंगं रोखून धावली. काकूंनी मला दंड धरून मागे ओढलं आणि त्या मध्ये उभ्या राहिल्या. शिंग त्यांच्या कोपरात घुसलं. गोठ्याबाहेर आल्यावर रक्त पदराने दाबत त्या म्हणाल्या, "वासराच्या न् आयशीच्या मधी कधी जाव नको गो. ती वाईट न्हाय, घाबरलीय." माझी लेक आता कॉलेजात जाते. वाढदिवसाला ती आधी काकूंच्या पाया पडते, मग माझ्या. तसं मीच तिला शिकवलंय.