बारशाच्या दिवशी होडीचा सेल्फ लागेना

इथं असतीस तर म्हटलं असतं, ये, इकडं ये, अशी जवळ बस. दिवाळीच्या सुट्टीत येते म्हणालीस आणि आली नाहीस, ते मी विसरले नाही. आणि वर फोनवर विचारतेस, ‘आजी, बारशाच्या फोटोत माझ्या गालावर एवढी मोठी तीट कुणी लावली?’ कुणी म्हणजे? मीच. पण ती तीट नव्हे, बाई. फोनवर सांगून ते कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या बापाला बहीण नाही. म्हणून तुझं नाव ठेवायचा मान त्याच्या आत्याकडं, म्हणजे माझ्याकडं आला. आपल्या घरात नाव आत्यानं ठरवायचं आणि लेकराच्या कानात सांगेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. मी तर आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. बारसं माझ्या भावाच्या गावी, धरणाच्या पलीकडच्या काठावर. मुहूर्त दुपारी बाराचा. पाळणाही आमच्या घरचाच, ज्यात तुझा बाप झोपला होता तो. सकाळी लवकरच पाळणा होडीत चढवला, मी ठेवणीतलं पातळ नेसून बसले, आणि ह्यांनी चावी फिरवली.

टक.

बस, एवढंच. पुन्हा फिरवली, पुन्हा टक.

होडी तशी म्हातारीच. कुणा हौशी माणसानं धरणावर फिरायला आणलेली ती शिडाची होडी. त्याची हौस फिटली तशी ह्यांनी घेतली. वारा असला की शीड, नसला की इंजिन. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. धरणाला वळसा घालून जावं तर बाराची वेळ टळणार, आणि वल्ही मारत गेलो तर संध्याकाळ.

मी म्हटलं, “बॅटरी बसली असंन.”

“कालच चार्ज करून आणली,” हे म्हणाले.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरली होती. मी घरातून गरम पाणी आणि खायचा सोडा आणला, जुन्या ब्रशनं टोकं घासून लख्ख केली. चावी फिरवली. टक.

तेवढ्यात भावाचा फोन. “अक्का, कुठं हायेस? इथं सुनेची बहीण म्हणून राह्यली, आत्या नाही आली तं मीच नाव ठेवते. नाहीतर तू फोनवर सांग, आम्ही ठेवून घेतो.”

“फोनवर काऊन सांगू? तुह्या कानात सांगायचं हाय की लेकराच्या? आन् मावशीले म्हण, पाळणा माह्याजवळ हाय. सुपात झोपवतेस काय लेकराले?”

बोलून फोन ठेवला. महिनाभर घोळवलेलं नाव, आणि ठेवणार मावशी!

शेजारच्या मळ्यातले चाचा ट्रॅक्टरची बॅटरी उचलून घेऊन आले. ती लावली. टक. चाचांनी कपाळावरचा घाम पुसला. “भाभी, बॅटरी तं टंच हाय. सेल्फच जळाला असंन. आता मेहकरहून माणूस बोलवा लागते.”

“तो येईलोक लेकरू शाळेत जाईन,” मी म्हटलं.

आता मी काही शिकलेली नाही. पण विहिरीवरची मोटर बंद पडली की तारा मीच तपासत आले. वीज म्हणजे सासरी गेलेली लेक, असं मी मानते. जायचा रस्ता हवा तसा यायचाही हवा. मी दोन तारा जोडलेला बल्ब घेतला. बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला आणि ह्यांना म्हटलं, “फिरवा.” टक झालं, पण बल्ब तसाच ढणढण. म्हणजे इंजिन फिरवणारा सेल्फ वीज ओढतच नव्हता. मग बल्बची एक तार प्लसवरच ठेवली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टाला टेकवली. बल्ब पेटला. “फिरवा.” टक झालं आणि बल्ब मेला.

“जाऊन राह्यली वीज बराबर,” मी म्हटलं. “परत येऊन नाही राह्यली.” बल्बापुरती वाट होती, सेल्फाएवढी नव्हती.

परतीची वाट म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या अंगाला जोडलेली जाड तार. चाचांनी पान्यानं तिचा बोल्ट सोडला. खाली काय निघालं असेल? हिरवा ऑइलपेंट. गुळगुळीत, चकचकीत, दोन हात दिलेला.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. कारण तो रंग मीच दिला होता. खंडेनवमीच्या पूजेला इंजिन नवरीसारखं दिसावं म्हणून मी तारा सोडवून, एकही कोपरा न सोडता रंगवलं. वाळल्यावर ह्यांनी तारा रंगावरच आवळल्या, आणि तेव्हापासून बारशापर्यंत होडी काठालाच उभी होती.

“सकाळपासून मले बोलून राह्यली ना बॅटरी-बॅटरी?” हे म्हणाले.

“मंग तुमी तार लावतानी डोळे कुठं ठेवले होते?”

चाचा म्हणाले, “भाभी, पूजा कबूल झाली. देव होडीले हलूच देत नाही.”

मी पॉलिश पेपर घेतला आणि माझाच रंग खरवडून काढला. खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं. तार आवळली. चावी फिरवली, आणि इंजिन असं धडधडलं की पाळणा आपोआप हलायला लागला. हात धुवायला कोण थांबतंय?

पोचलो तेव्हा मावशी पाटावर बसायच्या बेतात होती. तिला उठवलं, पाळणा टांगला, तुला आत घातलं. एका हातानं तुझा गाल धरला आणि कानात नाव सांगितलं. तू जांभई दिलीस. मग बायांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, आमचे हे दारातून ओरडले, “अजून दोन द्या, रंगाचे!”

गालावर उमटला तो माझा अंगठा, इंजिनच्या काळ्या ग्रीसचा. मावशीच म्हणाली, “तीट लय मोठी लावली बाई.” मी हो म्हटलं.

इंजिन अजून चालतं. दर खंडेनवमीला रंगवते, पण त्या बोल्टाखालचं लोखंड उघडंच ठेवते. या उन्हाळ्यात शेगावहून निघ, हिवरा आश्रमाला उतर, पुढं मी न्यायला येते. चावी तू फिरव. लवकर ये, बाई. ह्या खेपेला हात धुऊन गाल धरीन.