अडलेलं वाक्य

दवाखान्यातल्या सलाईनच्या पंपाचं सॉफ्टवेअर आमची टीम बनवते आणि तो पंप कसा वापरायचा, याची माहितीपुस्तिका मी लिहिते. रोज सकाळी सगळे उभ्याउभ्याच आपापलं काम सांगतात. माझी पाळी शेवटची. तोवर निम्मे जण चहाच्या दिशेनं वळलेले असतात.

परवा मी म्हटलं, "एक वाक्य अडलंय. नर्सनं 'सुरू करा' दोनदा दाबलं, तर काय होतं?"

"दोनदा कशाला दाबेल?" निखिल म्हणाला. ते बटण त्याचंच काम होतं.

"घाईत असेल तर?"

त्यानं तिथंच, टेबलावरच्या चाचणीच्या पंपावर, दोनदा दाबून पाहिलं. पडद्यावर औषधाची मात्रा दुप्पट झाली. निखिलचा उतरलेला चेहरा पाहून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

जे सरळ सांगता येत नाही, ते बहुधा नीट झालेलंच नसतं. माणसांमाणसांतलंही असंच असावं.

संध्याकाळपर्यंत त्यानं दुरुस्ती केली. आता दुसऱ्यांदा दाबलं तरी काहीच होत नाही. त्यामुळे त्यावर लिहायचंही काही उरलं नाही. मी पुढच्या पानाकडे वळले, तोच निखिल खुर्ची ओढून शेजारी बसला.

"अजून कुठं अडलंय तुझं?" त्यानं विचारलं.