पाण्यातले बुडबुडे

बायकोला साध्या फ्लूनं धरलं आणि पाचव्या दिवशी तिला चार शब्द सलग बोलवेनात. पिंपरीतल्या एका लहानशा दवाखान्यात तिला ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फ्लू फुप्फुसात उतरलाय, यावर नेमकं औषध नाही. फुप्फुसं सावरेपर्यंत ऑक्सिजन द्यायचा आणि वाट बघायची. वाट बघणं मला आयुष्यात कधी जमलं नाही.

तिच्या तोंडावर रबरी मास्क होता आणि त्याची नळी पाण्याच्या बाटलीतून सिलिंडरला जोडलेली. बाटलीत बुडबुडे येताहेत तोवर ऑक्सिजन चालू. चिखलीहून आलेल्या माझ्या आईनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"नळी लावली म्हंजी संपलं रं. आमच्या आळीतलं कुनी परत आलं न्हाई."

मी तिच्यावर खेकसलो. मी कंपनीत गॅस वेल्डर, ऑक्सिजनचे सिलिंडर रोज हाताळणारा. "तुला यातलं काय कळतं? गप बस. बुडबुड्यांकडं बघ, तेवढं पुरे." नर्सलाही मी दोन गोष्टी शिकवल्या. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं, तरी श्वासागणिक बायकोच्या नाकपुड्या फुलायच्या आणि पुढचा श्वास येईपर्यंत माझाही अडकायचा.

तीन दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी जवळच्याच आमच्या कंपनीचा भोंगा दवाखान्यात ऐकू आला, पहिली पाळी सुटली. आमच्या वेल्डिंग शॉपची शिस्त अशी, की भोंगा झाला की आधी सिलिंडर बंद करायचा, मग हात धुवायला जायचं. बारा वर्षांची सवय. मी खुर्चीवरून उठलो, चावी फिरवून सिलिंडर घट्ट बंद केला आणि जिन्याखालच्या नळावर गेलो.

हाताला साबण लावला आणि वरून आईची आरोळी आली. "आरं, पळ लवकर! बुडबुडं थांबल्यात!"

तेव्हा कुठं मला कळलं, मी काय करून आलोय. जिना कसा चढलो देव जाणे. बायकोचे ओठ जांभळे पडले होते, ती मास्क ओरबाडत होती. साबणाच्या हातांतून चावी निसटत राहिली. शेवटी आईनं ती पदरात पकडली आणि आम्ही दोघांनी मिळून फिरवली. बुडबुडे आले, हळूहळू ओठांना रंग आला. मी तिथंच फरशीवर बसून हुंदके देत रडलो.

बायको वाचली. पंधरा दिवसांनी घरी आली. ती झोपल्यावर मी आईला सगळं कबूल केलं, की सिलिंडर मीच बंद केला होता.

"ठावं हाय," आई म्हणाली. "म्या बघत हुते की."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले आसते तर तू परत आंगावर आला आसतास. म्हनून तिचं व्हट काळं पडस्तवर गप ऱ्हायले."